मुलींची नेट मुलींच्या उंचीला बांधा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की बेळगाव आणि चिकोडी या दोन्ही शैक्षणिक जिल्ह्यांत शाळांच्या क्रीडास्पर्धांची लगबग सुरू होते. खो-खो आणि कबड्डीला मुलींचे संघ सहज उभे राहतात. व्हॉलीबॉलचं नाव निघालं की मात्र शाळाशाळांतून एकच उत्तर येतं, 'आमच्या पोरी उंचीला कमी पडतात.' गावच्या यात्रेतल्या रोख बक्षिसांच्या स्पर्धा बहुतेक पुरुषांच्याच असतात, त्यामुळे मुलींच्या वाट्याला हा खेळ येतो तो मैदानाच्या कडेला उभं राहून बघण्यापुरता. उंचीचं हे कारण टिकणारं नाही. जपानच्या राष्ट्रीय महिला संघाचा इतिहास नीट पाहिला तर ते कळतं, आणि आपल्या मैदानावर नेमकं काय बदलायला हवं तेही कळतं. म्हणून हे पत्र.

व्हॉलीबॉल ऑलिंपिकमध्ये आलं ते १९६४ साली, टोकियोत. महिलांचे सहा संघ होते आणि प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं होतं. जपानने पाचही सामने जिंकले. अख्ख्या स्पर्धेत त्यांनी एकच सेट गमावला, तोही पोलंडविरुद्ध. २३ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाविरुद्धचा निर्णायक सामना १५-११, १५-८, १५-१३ असा सरळ सेटमध्ये संपला. यामागे आधीची काही वर्षं होती. १९६० च्या ब्राझीलमधल्या जागतिक स्पर्धेत जपान दुसरा आला होता. १९६२ मध्ये मॉस्कोत, सोव्हिएत प्रेक्षकांसमोर, त्यांनी जगज्जेतेपद मिळवलं होतं. या खेळाडूंपैकी बहुतेक जणी ओसाकाजवळच्या काइझुका इथल्या निचिबो सूतगिरणीच्या संघातल्या. कर्णधार मासाए कासाई आणि प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. दिवसा गिरणीतलं काम, ते सुटल्यावर रात्री उशिरापर्यंत सराव.

त्याआधी जपानात प्रामुख्याने नऊ जणांचा व्हॉलीबॉल खेळला जाई आणि त्यात खेळाडूंच्या जागा ठरलेल्या असत. आंतरराष्ट्रीय सहा जणींच्या खेळात रोटेशन, म्हणजे क्रमाने जागा फिरवणं आलं, म्हणजेच प्रत्येकीला कधी ना कधी मागे उभं राहून सर्व्हिस घेणं आलं. हे त्यांना नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडे आजही सरावात उंच मुलगी कायम नेटजवळ आणि लहानखुरी कायम मागे उभी केली जाते. स्पर्धेत पंच रोटेशन लावतात, उंच मुलगी फिरत फिरत मागे जाते, समोरचा संघ नेमकी तिच्यावरच सर्व्हिस टाकतो आणि तिला अंडरहँड पास, म्हणजे दोन्ही हात जोडून खालून चेंडू उचलणं, येत नसतं. ओळीने पाच-सहा गुण तिथेच जातात. उपाय साधा आहे. पहिले सहा महिने कुणालाही कायमची जागा देऊ नये. सरावाच्या सामन्यातही सर्व्हिस मिळाली की जागा बदलायच्याच.

जपानचा भर होता चेंडू जमिनीला लागू न देण्यावर, आणि त्यासाठी दाइमात्सुंच्या संघाने कोलांटीचा रिसीव्ह, म्हणजे कोलांटी घेत समोरून आलेला चेंडू उचलणं, घडवला. दूरच्या चेंडूकडे झेपावायचं, चेंडू वर उचलायचा, पडता पडता खांद्यावरून लोळायचं आणि त्याच वेगात पुन्हा पायांवर उभं राहायचं. जी खेळाडू पडल्यावर पडूनच राहते ती पुढच्या चेंडूला नसते. जी लोळून उठते ती असते. जपानी संघाला प्रत्येक चेंडूमागे जणू एक जास्तीची खेळाडू मिळायची ती अशी.

हा रिसीव्ह आपल्या मुलींना शिकवता येतो, पण क्रम चुकला तर दुखापत ठरलेली. सुरुवात चेंडूशिवाय करावी. मुलीने उकिडवं बसावं, उजवा पाय बाजूला लांब टाकावा, बूड टाचेजवळ आणून मांडीच्या बाहेरच्या बाजूवर बसतं व्हावं, मग पाठीवर तिरकं लोळून डाव्या खांद्यावरून पाय पलीकडे न्यावेत आणि पंजांवर उठावं. उजवीकडे गेलो तर लोळायचं डाव्या खांद्यावरून आणि डावीकडे गेलो तर उजव्या. सरळ डोक्यावरून गेलं की मान सापडते, म्हणून हनुवटी छातीकडे आणि नजर बाजूला. हे दोन्ही बाजूंनी प्रत्येकी पाच-सहा वेळा, आठवड्यातून तीन दिवस, असं दोन आठवडे झालं की मग उभ्याने लांब पाऊल टाकून करावं. चेंडू त्यानंतर द्यावा, तोही हाताने हळू टाकलेला, दोन पावलांच्या अंतरावर.

चुका ठरावीक असतात. मुलगी आधी पडते आणि मग हात पुढे करते; खरं म्हणजे चेंडू आधी उचलायचा, पडणं नंतर. दुसरी चूक म्हणजे पडताना तळहात जमिनीला टेकवणं, त्यात मनगट जातं. तिसरी गुडघ्यावर उतरणं. पाऊल आखूड पडलं आणि शरीर उंचावर राहिलं की गुडघा आधी लागतो, म्हणून पाऊल लांब आणि कंबर खाली हेच पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. गुडघ्याचे पॅड हवेतच. कोपर झाकणारा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट आणि ट्रॅक पँट असली की मुली पडायला कचरत नाहीत.

आता जमीन. बेळगाव-खानापूरकडची लाल माती मुरमाड, त्यात बारीक खडे; अथणी-रायबागकडची काळी माती पावसात चिकट आणि उन्हात भेगाळलेली. दोन्हींवर थेट लोळायला लावलं तर कोपर सोलतं आणि मुलगी दुसऱ्या दिवशी येत नाही. मैदानाच्या एका कोपऱ्यात तीन मीटर लांब-रुंद जागा वीतभर खणावी, माती चाळून खडे काढावेत, त्यात वाळू आणि लाकडाचा भुसा मिसळावा आणि सरावाआधी हलकं पाणी मारून फावड्याने सैल करावी. आपल्याकडे तालमीचा हौदा कसा राखायचा हे सांगणारी माणसं गावोगावी आहेत, त्यांना बोलवावं. पावसात ही जागा ताडपत्रीने झाकली नाही तर खाली चिखल आणि वर पापुद्रा होतो, मग ती मुरमापेक्षा वाईट.

जपानचं दुसरं हत्यार होतं सर्व्हिस. गळणाऱ्या पानासारखी डुलत येऊन अचानक खाली बसणारी सर्व्हिस निचिबोच्या खेळाडूंनी घोटली होती. चेंडूला फिरकी नसली की त्याच्याभोवतीची हवा दोन्ही बाजूंनी सारखी सुटत नाही, म्हणून तो हेलकावे खातो आणि रिसीव्ह करणारीचा अंदाज चुकतो. याला उंची लागत नाही, ताकदही फार लागत नाही. चेंडू फिरू न देता खांद्यासमोर जेमतेम हातभर वर टाकायचा, मनगट ताठ ठेवायचं, तळव्याच्या टणक भागाने चेंडूच्या बरोबर मध्यावर मारायचं आणि हात तिथेच थांबवायचा. हात पुढे वाहू दिला की फिरकी लागते. बोटांनी मारलं की चेंडू नेटमध्ये जातो. चेंडू फार उंच टाकला की दर वेळी वेगळ्या जागी पडतो. तीन चतुर्थांश चुका हाताच्या नसून टाकलेल्या चेंडूच्या असतात. सहावी-सातवीच्या मुलीला सुरुवातीलाच नऊ मीटरवरच्या रेषेवरून मारायला लावू नये. नेटपासून सहा मीटरवर उभं करावं, दहापैकी आठ पलीकडे गेल्या की एक मीटर मागे न्यावं.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. त्या काळी गुण फक्त सर्व्हिस करणाऱ्या संघाला मिळायचा. सर्व्हिस चुकली तर ती समोर जायची, गुण जात नसे. १९९० च्या दशकाच्या शेवटी रॅली पद्धत आली आणि आता प्रत्येक चूक म्हणजे समोरच्याला गुण. त्यामुळे शाळेच्या संघात एकीदोघींनाच अवघड सर्व्हिस करू द्यावी, बाकीच्यांनी खोल आणि दोन खेळाडूंच्या मधल्या फटीत टाकावी. 'तुझा, तुझा' म्हणत दोघीही थांबतात आणि चेंडू मध्येच पडतो, हे प्रत्येक तालुका स्पर्धेत दिसतं.

जपानचा इतिहास नुसत्या विजयाचा नाही आणि तोही सांगायला हवा. १९६८ आणि १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाने त्यांना रौप्यावर थांबवलं. शिगेओ यामादा यांच्या हाताखाली १९७४ ची जागतिक स्पर्धा, १९७६ चं मॉन्ट्रियल ऑलिंपिक आणि १९७७ चा विश्वचषक जपानने जिंकला. मॉन्ट्रियलमध्ये तर एकही सेट न गमावता. १९८४ ला कांस्य मिळालं आणि त्यानंतर ऑलिंपिक पदकासाठी २८ वर्षं वाट पाहावी लागली. कारण बाकीचे देश तोच बचाव शिकले आणि त्यावर उंची किंवा उडी चढवली. चीनने लांग पिंगसारख्या आक्रमक खेळाडूंच्या जोरावर १९८१ ते १९८६ या काळात विश्वचषक, जागतिक स्पर्धा आणि ऑलिंपिक अशी ओळीने पाच जेतेपदं घेतली. क्यूबाने १९९२, १९९६ आणि २००० अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णं जिंकली. त्यांची मिरेया लुईस अवघी पावणेदोन मीटर उंचीची, पण उडी अशी की तिच्यासमोर उंच ब्लॉकही, म्हणजे स्मॅश अडवायला नेटवर उभारलेले हातही, अपुरे पडत. पेरूसारख्या देशाने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये अंतिम सामन्यात सोव्हिएत संघावर दोन सेटची आघाडी घेतली होती. सुवर्ण हुकलं, पण रौप्य आलं.

२००० च्या सिडनी ऑलिंपिकला जपान पात्रच ठरला नाही. तेव्हा सगळी बोटं त्यांच्या लिफ्टरकडे, म्हणजे स्मॅशसाठी चेंडू उचलून देणाऱ्या योशिए ताकेशिताकडे, वळली. तिची उंची १५९ सेंटीमीटर, म्हणजे आपल्या नववी-दहावीतल्या कितीतरी मुलींएवढी. तीच ताकेशिता पुढे संघात परतली, २०१० च्या जागतिक स्पर्धेत आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जपानने कांस्य मिळवलं तेव्हा चेंडू तिच्याच हातून जात होता. लंडनच्या उपांत्यपूर्व फेरीत त्यांनी चीनला पाच सेटमध्ये हरवलं. तोवर लिबेरोचा नियमही रुळला होता. वेगळ्या रंगाचा शर्ट घालून फक्त मागच्या फळीत खेळणारी ही जागा बुटक्या, चपळ खेळाडूसाठीच आहे, आणि आपल्या शाळांचे संघ ती अनेकदा रिकामी ठेवतात. अगदी अलीकडे, २०२४ च्या नेशन्स लीगमध्ये, जपानच्या महिला अंतिम सामन्यापर्यंत गेल्या आणि इटलीकडून हरल्या.

आपल्या देशाचं चित्र वेगळं आहे. भारताचा महिला किंवा पुरुष संघ आजवर ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. आशियाई क्रीडास्पर्धांत पुरुषांनी १९५८, १९६२ आणि १९८६ मध्ये पदकं आणली, महिलांच्या नावावर अजून एकही नाही. २०१६ आणि २०१९ च्या दक्षिण आशियाई स्पर्धांत महिलांनी सुवर्ण जिंकलं, म्हणजे खेळाडू आहेत. पाया रुंद नाही, आणि तो रुंद व्हायचा तो शाळेच्या मैदानावरच.

तिथे पहिली अडचण आहे नेटची उंची. पुरुषांची नेट २.४३ मीटरवर, महिलांची २.२४ वर. फरक १९ सेंटीमीटरचा. दीड मीटर उंचीची मुलगी हात वर करून उभी राहिली तर तिची बोटं साधारण १.९० ते १.९५ मीटरवर पोचतात. उडी ३० ते ३५ सेंटीमीटरची धरली तर २.२० ते २.३०. म्हणजे २.४३ च्या नेटवर तिची बोटं पट्टीच्या वर येतच नाहीत. तिने कितीही मेहनत केली तरी स्मॅश बसणार नाही, ब्लॉक तर दूरच. तरीही बहुतेक मैदानांवर पोल सिमेंटमध्ये कायमचे रोवलेले, वर एकच हूक वेल्डिंग केलेला, आणि तो पुरुषांच्या उंचीला. मुली आल्या की त्याच नेटवर खेळतात, दोन महिने नुसते हात वर करून चेंडू पलीकडे ढकलतात आणि कंटाळून जातात. मग म्हटलं जातं, उंची कमी पडते. उंची कमी पडत नाही, नेट जास्त उंच बांधलेली असते.

दुरुस्ती एका दिवसाची आहे. प्रत्येक पोलवर वरच्या तारेसाठी २.१०, २.२४ आणि २.४३ मीटरवर हूक हवेत. नेट एक मीटर रुंद असते, म्हणून खालच्या दोरीसाठी त्याच हिशेबाने १.१०, १.२४ आणि १.४३ वर. हूक पोलच्या बाहेरच्या बाजूला, टोकं गोल घासलेली, म्हणजे कुणी धडकलं तरी इजा नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही वर्कशॉपला हे काम अवघड नाही, निपाणी-चिकोडीकडे ट्रॉल्या बांधणारे वेल्डरही करतील. वरून नायलॉनची दोरी नको, ती ओली झाली की सैल पडते आणि मध्ये चार-पाच सेंटीमीटरचा झोळ येतो. बारीक वायररोप आणि एका टोकाला तार ताणायचा टर्नबकल बसवावा. उंची पोलपाशी न मोजता मैदानाच्या मध्यावर मोजायची. दोन्ही बाजूच्या रेषांवर ती सारखी हवी आणि मध्यापेक्षा दोन सेंटीमीटरहून जास्त नको. बांबूच्या काठीवर २.२४ आणि २.२६ ला रंगाच्या खुणा केल्या की मोजकाठी तयार. सहावी-सातवीच्या मुलींचा सराव २.१० वर, गरज पडली तर दोन मीटरवरही घ्यावा. स्पर्धेची उंची नियमपत्रकात असेल ती. स्पर्धेच्या महिनाभर आधी तिथवर न्यावी.

दुसरी अडचण चेंडूची. नियमात चेंडू २६० ते २८० ग्रॅम वजनाचा, ६५ ते ६७ सेंटीमीटर घेराचा आणि आतला दाब चौरस सेंटीमीटरला ०.३० ते ०.३२५ किलो. पुरुषांच्या सामन्यांत चेंडू टणक भरायची सवय आहे आणि मुलींना तोच दिला जातो. पहिल्याच दिवशी मनगटाच्या वरचा भाग लालभडक होतो. पावसात भिजलेला चेंडू आणखी जड. दाब मोजायचा गेज स्वस्तात मिळतो, तो नसेल तर अंगठ्याने जोर दिल्यावर चेंडू थोडा दबला पाहिजे एवढं तरी बघावं. सहा मुलींमागे किमान तीन चेंडू हवेत. एका चेंडूवर बारा मुली उभ्या केल्या तर तासाभरात एकीच्या वाट्याला फार थोडे स्पर्श येतात, त्यातून काही शिकणं होत नाही.

दाइमात्सुंची शिस्त जगभर गाजली, पण ती जशीच्या तशी उचलू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दमून पडलेल्या खेळाडूवर चेंडूमागून चेंडू मारणं हे कमावलेल्या, प्रौढ कामगार खेळाडूंच्या बाबतीतही वादाचं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीचे सांधे अजून घडत असतात, दमल्यावर पाऊल आखूड पडतं आणि नेमक्या तेव्हाच गुडघे जातात. पाऊण ते एक तासाचा सराव पुरे, आणि शेवटची बस निघायच्या आत तो संपला पाहिजे. खानापूरच्या पश्चिमेकडच्या गावांतल्या मुलींचं खेळणं या एका कारणाने सुटतं. शक्ती योजनेमुळे कर्नाटक राज्याच्या साध्या बसमध्ये मुलींना तिकीट पडत नाही. तालुक्याच्या मैदानावर रविवारी सकाळी एकत्र सराव ठेवला तर भाड्याचा प्रश्न उरलेला नाही.

निचिबोच्या गोष्टीतला एक भाग सहसा कुणी सांगत नाही. त्या मुलींना गिरणीने नोकरी, राहायला जागा आणि जेवण दिलं होतं. म्हणून विशीनंतरही त्या खेळू शकल्या. आपल्या देशातही महिला व्हॉलीबॉलमध्ये रेल्वे आणि केरळ पुढे दिसतात त्यामागे नोकऱ्यांचं मोठं बळ आहे. आपल्याकडे दहावी-बारावी झाली की मुलीचा खेळ संपतो. या जिल्ह्यात साखर कारखाने आहेत, फाउंड्र्या आहेत, पतसंस्था आणि सहकारी बँका आहेत, गोकाक फॉल्सला सूतगिरणीची जुनी परंपरा आहे. यांपैकी एखाद्या संस्थेने बारा मुलींचा संघ धरून त्यांना कामावर घेतलं, दुपारी चारनंतर सरावाची मुभा दिली, तर खेळून झाल्यावर पुढे काय, या पालकांच्या प्रश्नाला उत्तर मिळेल.

यात्रा समित्यांना आणि तरुण मंडळांना आमची एक विनंती आहे. पुरुषांची स्पर्धा संध्याकाळी फ्लडलाइटखाली होते, मैदान सकाळभर रिकामंच असतं. फक्की मारलेली असते, पोल उभे असतात, पंच गावात आलेले असतात. त्याच सकाळी मुलींचे चार संघ बोलवावेत. सीमेपलीकडे चंदगड, गडहिंग्लजहूनही संघ येऊ शकतात. बक्षिसाची रक्कम नसली तरी चालेल, प्रत्येक संघाला एक चांगला चेंडू द्यावा. नेट मधल्या हुकावर उतरवावी, आणि सामन्याआधी पंचांनी मोजकाठी लावून मध्यावरची उंची २.२४ आहे हे दोन्ही कर्णधारांना दाखवावं.

कळावे,
आपले,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील व्हॉलीबॉल पंच आणि प्रशिक्षक